बिनछपराच्या भिंती

नेरुळ आणि बेलापूरहून निघणारी लोकल जानेवारी २०२४ पासून थेट उरणला पोचते, आणि शेवटच्या स्थानकाच्या आधी द्रोणागिरी नावाचे स्थानक लागते. आज हे नाव घेतले की डोळ्यांसमोर येतो तो सिडकोचा नोड: रुंद रस्ते, कंटेनरचे यार्ड, विकलेल्या पण दिवे न लागलेल्या इमारती. ज्या डोंगरावरून हे नाव आले तो मात्र उरण शहराच्या दक्षिणेला, करंजाच्या अंगाला आहे. एका बाजूच्या पायथ्याशी ओएनजीसीचा प्रकल्प, खाली करंजाचे मच्छीमार बंदर, खाडीपलीकडे रेवस. उत्तरेला मोरा बंदर आणि त्याच्या पुढे पाण्यात घारापुरी. ज्यांना रेल्वेपेक्षा समुद्र जवळचा वाटतो त्यांना भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याची लाँच अजून आहे. पाऊस सरल्यावर, गवत वाळू लागले की डोंगर चढण्याजोगा होतो. वर तटाचे अवशेष, पाण्याची टाकी आणि छप्पर नसलेल्या एका चर्चच्या भिंती आहेत. रामायणातल्या द्रोणागिरीशी लोक या डोंगराचे नाते सांगतात. इतिहास त्याला देवगिरीच्या यादवांपर्यंत मागे नेतो. पण माथ्यावर उभे राहिल्यावर नजर खिळते ती या चर्चच्या कमानीवर. महाराष्ट्रात किल्ले पाहणारा माणूस टाकी, चोरदिंडी, बुरूज आणि हनुमान शोधायला सरावलेला असतो. किल्ल्यातले चर्च कसे पाहायचे हे त्याला कोणी शिकवलेले नसते, म्हणून तो एक फोटो काढतो आणि पुढे जातो.

पोर्तुगीजांनी करंजा बेट सोळाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकात घेतले आणि डोंगरावर तटबंदी केली. फ्रान्सिस्कन साधू आंतोनिओ दो पोर्तो याच्या नावावर इथल्या चर्चांची उभारणी सांगितली जाते. माथ्यावरचे स्थान ‘नोस्सा सेन्योरा दा पेन्या’ या नावाने मेरी मातेला वाहिलेले होते. १७३९ मध्ये, चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेच्या अखेरच्या टप्प्यात, मानाजी आंग्रे यांनी हा किल्ला घेतला. १७७४ च्या शेवटी साष्टीबरोबर करंजाही इंग्रजांच्या हाती गेले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ते त्यांच्याकडेच राहिले. राजकीय इतिहास एवढ्यात संपतो. युरोपात खेड्यापाड्यांतली जुनी चर्चे पाहायला लोक जातात ती बहुधा भिंतींवरच्या चित्रांसाठी: कयामतीचा दिवस, संतांच्या कथा, वेदीभोवतीची वेलबुट्टी. कोकणात सोळाव्या शतकापासून इतकी चर्चे उभी राहिली, त्यांपैकी बहुतेकांच्या भिंतींवर आज रंगाचा ठिपकाही का दिसत नाही? नेहमीचे उत्तर असे की जिंकणाऱ्याने पुसून टाकला. मला हे उत्तर चुकीचे वाटते. भिंतीवरचे चित्र टिकते की जाते हे विजेता फारसे ठरवत नाही. ते ठरते छपराने, आणि छप्पर ठरते त्याखाली माणसे येतात की नाही यावर.

आधी विजेत्याचे प्रकरण निकालात काढू. मराठ्यांनी चर्चांतून काय नेले याचा पुरावा आपल्या डोळ्यांसमोर टांगलेला आहे. वाईजवळ मेणवलीला, नाना फडणविसांच्या वाड्यामागे कृष्णेच्या घाटावर लटकणारी घंटा १७०७ सालची आहे आणि तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. नाशिकला नारोशंकराच्या देवळातली घंटा आणि भीमाशंकरची घंटा याही पोर्तुगीज मुलखातून आलेल्या. पंचधातूची घंटा ही लुटीची वस्तू. ती नेता येते, मिरवता येते, देवाला वाहता येते. भिंतीवरचे चित्र नेता येत नाही, म्हणून त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहिले नाही. १७३९ च्या मे महिन्यात वसई पडली तेव्हाच्या शरणागतीच्या अटींत मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना आपला धर्म पाळण्याची मुभा होती, आणि वसई परिसरातल्या गावोगावच्या ख्रिस्ती वस्त्या तिथेच राहिल्या हा त्या मुभेचा चालताबोलता पुरावा आहे. किल्ल्यातल्या चर्चांची गोष्ट निराळी. त्यांचा भक्तगण म्हणजे शिबंदी, अधिकारी आणि साधू. ते सगळे गोव्याच्या वाटेला लागले. द्रोणागिरीच्या माथ्यावर प्रार्थनेला जाणार कोण? खालच्या आगरी-कोळ्यांना तिथे जायचे कारण नव्हते. ओस पडलेल्या इमारतीतून पहिल्यांदा जाते ते सागवान, मग कौले, मग कडीकोयंडे. एकदा आढे उतरले की पुढचे काम कोकणातला पाऊस करतो, आणि त्याला ना पोर्तुगीज कळतो ना मराठा.

इंग्लंडचा दाखला इथे उपयोगी पडतो, कारण तिथे चित्रे पुसण्याचा हुकूम खरोखरच सरकारने काढला होता. सोळाव्या शतकाच्या मध्यावर, सहाव्या एडवर्डच्या काळापासून, रोमन पंथाची खूण म्हणून चर्चांमधली चित्रे झाकायला लावली. स्ट्रॅटफर्ड गावातल्या गिल्डच्या प्रार्थनामंदिरातली चित्रे विद्रूप करण्यासाठी दोन शिलिंग दिल्याची नोंद १५६३-६४ च्या नगरहिशेबात आहे, आणि तो हिशेब ठेवणारा गृहस्थ म्हणजे जॉन शेक्सपियर, नाटककार शेक्सपियरचा बाप. पोराच्या जन्माचे तेच वर्ष. सगळी चित्रे खरवडणे खर्चिक होते, म्हणून सोपा उपाय केला: चुन्याचा हात. अडीचशे वर्षांनी, १८०४ मध्ये, सफेदी निघाली तेव्हा आतली चित्रे दिसली. सरे परगण्यातल्या चॅल्डनच्या लहानशा चर्चमध्ये सुमारे १२०० सालचे, स्वर्गाला चढणाऱ्या आणि नरकात कोसळणाऱ्या आत्म्यांच्या शिडीचे चित्र असेच १८७० च्या आसपास उघडे झाले. पिकरिंगला १८५२ मध्ये चित्रे सापडली, तर तिथल्या पाद्रीसाहेबांना ती इतकी बटबटीत वाटली की त्यांनी पुन्हा सफेदी फासली; नंतरच्या पिढीने ती परत काढली. म्हणजे ज्या देशात चित्रांवर अधिकृत बंदी आली तिथे ती शेकड्यांनी शिल्लक आहेत, आणि जिथे अशी बंदी कोणी घातली नाही त्या द्रोणागिरीवर भिंतीचा गिलावासुद्धा फारसा उरलेला नाही. फरक एकच. इंग्लंडमधल्या खेड्यातला माणूस पंथ बदलल्यावरही दर रविवारी त्याच चर्चमध्ये जात राहिला. त्याला चित्र नको होते, पण डोक्यावर गळणारे छप्परही नको होते.

यावर कोणी म्हणेल की इंग्लंडचा रिमझिम पाऊस आणि कोकणातला आषाढ यांची तुलनाच होऊ शकत नाही. इथे छप्पर असते तरी ओलीने चित्रे गेलीच असती. आक्षेप वजनदार आहे, म्हणून त्याचे उत्तर कोकणपट्टीतूनच द्यायला हवे, आणि ते जुन्या गोव्यात मिळते. तिथल्या मोंते सांतो या टेकडीवर ऑगस्टिनियन पंथाच्या दोन वास्तू जवळपास समोरासमोर आहेत. एक सांता मोनिका, जोगिणींचा मठ: आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांच्या पुढाकाराने १६०६ मध्ये सुरू, १६२७ मध्ये पूर्ण, १६३६ मध्ये आगीत होरपळला आणि पुन्हा उभारला. दुसरी, त्याच पंथाच्या पुरुषांची: नोस्सा सेन्योरा दा ग्रासाचे भव्य चर्च, जे लोक सेंट ऑगस्टिन म्हणून ओळखतात, १६०२ सालचे. एकच पंथ, एकच जांभा, एकाच बंदरातला चुना, एकाच टेकडीवरचा पाऊस. १८३४ मध्ये पोर्तुगालने धार्मिक पंथ बरखास्त केले. पुरुषांना मठ सोडावा लागला. जोगिणींना मात्र हयात असेपर्यंत राहू दिले, फक्त नव्यांना घ्यायचे नाही अशी अट. शेवटची जोगीण १८८५ मध्ये वारली. पुढे मठात फौज राहिली, १९६४ पासून तिथे जोगिणींचे शिक्षण सुरू झाले, आणि आता तिथेच ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे. पन्नास वर्षे म्हाताऱ्या होत गेलेल्या बायकांनी, नंतर कंटाळलेल्या शिपायांनी, कोणत्याही कलाप्रेमाशिवाय, फक्त राहायचे म्हणून कौले शाकारून घेतली. परिणाम असा की सांता मोनिकाच्या भिंतींवर आणि कमानींवर बायबलमधले प्रसंग आणि वेलबुट्टी आजही पाहता येते.

समोरच्या सेंट ऑगस्टिनचे काय झाले ते पाहा. १८३५ मध्ये चर्च ओस पडले. १८४२ मध्ये मुख्य सभागृहाची कमान कोसळली. १९३१ मध्ये दर्शनी भाग गेला, आणि उरला तो मनोऱ्याचा अर्धा सुळका, जो आज गोव्याच्या प्रत्येक पोस्टकार्डावर आहे. सात वर्षांत छत, शंभर वर्षांत चेहरा. त्या मनोऱ्यातली घंटा आधी आग्वादच्या दीपगृहावर गेली आणि १८७१ मध्ये पणजीच्या चर्चवर चढली, आजही वाजते. मेणवलीचीच गोष्ट पुन्हा, फक्त इथे लुटणारा कोणी नव्हता: जे हलवता आले ते वाचले. उत्खननात भिंतींना लावलेल्या रंगीत फरशांचे तुकडे निघाले, आणि जॉर्जियाच्या केतेवान राणीच्या म्हणून ओळखल्या गेलेल्या अस्थीही निघाल्या. भिंतीवरचा रंग मात्र उत्खननात सापडण्याजोगी वस्तू नाही. गिलावा पडला की तो मातीत विरतो. द्रोणागिरीच्या माथ्यावर उभे राहून ‘इथे काय होते’ असा प्रश्न पडला तर त्याचे उत्तर मला या टेकडीवर दिसते. सेंट ऑगस्टिनला कोणी शत्रूने हात लावला नव्हता. गोवा १९६१ पर्यंत पोर्तुगीजांचेच होते. तरी तिथली भिंत उघडी पडली ती द्रोणागिरीच्या भिंतीसारखीच.

वसईचा किल्ला याच नियमाला पुष्टी देतो. तिथे फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, जेझुइट सगळ्यांची चर्चे आहेत, १६०१ मध्ये नव्याने बांधल्याचा शिलालेख असलेले सें जुझेचे चर्च आहे, आणि फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीत शेकडो नावांचे थडग्यांचे दगड आहेत. सभागृहांची छते गेली, तिथल्या भिंती धुऊन निघाल्या. पण वेदीवरच्या आणि बाजूच्या लहान कोनाड्यांवरच्या दगडी कमानी जिथे उभ्या राहिल्या तिथे चुन्यातली चौकटीची नक्षी अजून ओळखू येते. दगडी कमान म्हणजे चोराला न पळवता येणारे छप्पर, एवढाच त्याचा अर्थ. रेवदंड्याच्या कोटात नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून हाच प्रकार पाहायला मिळतो. तिथे थांबायला मन होते ते मनोऱ्यासाठी, भिंतींसाठी नव्हे.

आता खरा अडचणीचा आक्षेप. द्रोणागिरीवरून समोर दिसणारी घारापुरी. तिथल्या लेण्याला छप्पर आहे, तेही डोंगराचे, कोणी काढून नेऊ शकत नाही असे. दिओगो दो कोउतो या पोर्तुगीज इतिहासकाराने सतराव्या शतकाच्या आरंभी लिहून ठेवले आहे की लेण्याच्या आतल्या बाजूला चुन्याचा आणि इतर मिश्रणांचा थर दिलेला होता आणि त्यामुळे आतला भाग उजळून दिसे. लेण्यातला एक शिलालेख काढून पोर्तुगालच्या राजाला पाठवल्याचेही तोच सांगतो. तो पुढे कुठे गेला ते कोणाला सापडले नाही. आज तिथे थर नाही, चकाकी नाही, फक्त दगड आहे. मग छपराचा सिद्धांत कुठे राहिला? माझे म्हणणे असे की घारापुरी तो मोडत नाही, नेमका करते. लेणे तीन बाजूंनी उघडे, समुद्राचा खारा वारा थेट आत, पावसाळ्यात खडकातून झिरपणारे पाणी, आणि पूजा थांबल्यावर वर्षाकाठी गळती बंद करणारा माणूस नाही. छप्पर होते, शाकारणारा नव्हता. कोकणात छप्पर ही एकदाच करून मोकळे होण्याची गोष्ट नाही. दर वैशाखात ती पुन्हा करावी लागते. ज्याला तिथे राहायचे, झोपायचे किंवा प्रार्थना करायची आहे तोच ती करतो.

लगेच अजिंठा पुढे केला जाईल. हजारापेक्षा जास्त वर्षे ओसाड, वटवाघळांच्या हवाली, आणि तरी चित्रे जिवंत. १८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाच्या शिकारी अधिकाऱ्याला ती दिसली तेव्हा तिथे कोणी कौले शाकारत नव्हते. बरोबर आहे, पण अजिंठा कोरड्या मुलखातला, लेणी खोल, आणि चित्रे माती, भुसा, तंतू यांच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात देऊन, तो वाळल्यावर काढलेली. तिथे विसरले जाणे हेच संरक्षण ठरले. उलट सापडल्यानंतर तिथे जास्त नुकसान झाले: १९२० नंतर निजामाने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी चित्रांवर लाखेचा लेप दिला आणि तो पिवळा पडून आता काढता काढता नाकी नऊ आले. इंग्लंडमध्येही विसाव्या शतकात चित्रे टिकावीत म्हणून मेण चढवले. मेणाने ओल आत कोंडली आणि रंग सोलला गेला. देशावर विस्मरण चित्राला सांभाळते, कोकणात तेच त्याला मारते. एकाच राज्यातल्या दोन हवामानांना एकच संवर्धनाचा नियम लावणाऱ्या कार्यालयांनी हा फरक लक्षात घ्यायला हरकत नाही.

बोरिवलीच्या मंडपेश्वरला झाकण्याची आणखी एक तऱ्हा दिसते. सहाव्या शतकाच्या आसपासचे शैव लेणे. सोळाव्या शतकाच्या मध्यावर त्याच आंतोनिओ दो पोर्तोने ते ताब्यात घेऊन चर्च केले, आणि त्याच्या डोक्यावर मठ बांधला. एका शिल्पपटाच्या जागी क्रूस कोरला, तो आजही आहे. बाकीची काही शिल्पे भिंत घालून, गिलावा लावून दडवली. पुढे ती निघाली आणि नृत्य करणारा शिव आज पाहता येतो तो त्या दडपणाखाली राहिल्यामुळे. फोडलेले ते गेले, झाकलेले ते राहिले. वर बांधलेल्या मठाचे मात्र छप्पर गेले आणि त्याच्या भिंती द्रोणागिरीच्या भिंतींच्या पंक्तीला जाऊन बसल्या. एकाच ठिकाणी वर ख्रिस्ती अवशेष उघडा पडून झिजतो आणि खाली हिंदू शिल्प ख्रिस्ती चुन्याने वाचते: कोणाच्या धर्माने कोणाचे काय केले याचा हिशेब मांडणाऱ्यांना ही जागा सोयीची नाही.

चुन्याबद्दल जरा सविस्तर बोलायला हवे, कारण सगळे त्याच्यावर उभे आहे. किनाऱ्यावर चुना बहुधा शिंपल्यांचा: भट्टीत भाजायचा, पाण्यात विरवायचा, वाळूबरोबर घाणीत मळायचा, कामाच्या प्रकाराप्रमाणे गूळ, हिरडा, बेलफळाचा गर घालायचा. भिंतीवर चढलेला चुना हवेतला कर्बवायू पुन्हा शोषून हळूहळू दगड होतो. गिलावा ओला असताना दिलेला रंग या दगडात अडकतो. वाळल्यावर सरस किंवा डिंक घालून दिलेला वर बसतो आणि लवकर सुटतो. गोवा, सिंधुदुर्ग आणि कारवारच्या देवळांतली कावी ही पहिल्या जातीची: पांढऱ्या गिलाव्यावर तांबड्या मातीच्या चुन्याचा थर, आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडून आतला पांढरा उघडा करायचा. पागोळ्यांच्या आत, पडवीच्या भिंतीवर ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते. पागोळीबाहेर आली की काही पावसाळ्यांत पुसट होते. म्हणजे कोकणातल्या ओल्या हवेत रंग टिकत नाही हे खोटे. रंग टिकतो, पावसाचा फटका टिकू देत नाही.

मग चालू चर्चे तरी चित्रांनी भरलेली का नाहीत, असे कोणी विचारील. वसईच्या पट्ट्यात नंदाखाल, सांडोर, पापडी, रमेदी अशी जुनी धर्मग्रामे आहेत. लोक येतात, छप्पर भक्कम, आणि तरी भिंती कोऱ्या. वापर वाचवतो म्हणता, तर वापरानेच पुसले नाही का? हा आक्षेप मी निम्मा मान्य करतो. जिवंत धर्मग्रामाला म्युझियम व्हायचे नसते. लग्न आले, सण आला, भिंत रंगवली जाते, सभागृह अपुरे पडले तर पाडून मोठे बांधले जाते. पण कशाने रंगवले यावर सगळे अवलंबून आहे. चुन्याची सफेदी चढत गेली तर खालचे थर शाबूत राहतात आणि एखाद्या दिवशी नखाएवढा पोपडा निघून तांबडे काहीतरी दिसते. इंग्लंडमध्ये कितीतरी चित्रे अशीच मिळाली. ऑइलपेंट आणि सिमेंट आले की भिंतीचा श्वास कोंडतो. जमिनीतून चढलेली ओल बाहेर पडायला वाट शोधते, क्षार वर येतात, भिंतीला लोणा लागतो आणि जुना गिलावा ढलप्यांनी सुटतो. गेल्या साठ-सत्तर वर्षांत भक्तिभावाने झालेल्या जीर्णोद्धारांनी देवळांचे आणि चर्चांचे जे केले ते आधीच्या दोनशे वर्षांच्या लढायांना जमले नव्हते. दोष वापराचा नाही, गोणीत येणाऱ्या मालाचा आहे.

चित्राला लागू होते तेच पुस्तकालाही लागू पडते, म्हणून थोडे आडवळण घेतो. फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातल्या साष्टीत राशोलला छापले गेले आणि सतराव्या शतकात आणखी दोनदा. त्या छापील आवृत्त्यांपैकी एकही प्रत आज हाती नाही. मराठी ओव्यांचा हा एवढा मोठा ग्रंथ आपल्यापर्यंत आला तो गावच्या चर्चांत तो वाचला जात होता आणि वाचण्यासाठी हाताने उतरवून घेतला जात होता म्हणून. १९०७ मध्ये मंगळूरला त्याची पुन्हा छपाई झाली ती अशा हस्तलिखितांवरून. पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी देशी भाषांवर बंधने घातली, तरी वाचणारे होते तोवर पोथी उतरवली गेली. त्याच राशोलच्या सेमिनरीतल्या आणि पिलारच्या मठातल्या भिंतींवर जुनी चित्रे आहेत, आणि दोन्ही ठिकाणी आजही माणसे राहतात.

द्रोणागिरीवर परत येऊ. माथ्यावरच्या त्या चर्चमध्ये चित्रे होती असा दावा मी करत नाही. डोंगरावरच्या शिबंदीच्या प्रार्थनामंदिरात शोभा बहुतेक लाकडी वेदीवर असायची, आणि लाकूड सर्वांत आधी जाते. पण गिलावा असणारच होता, कारण कोकणात डबराची भिंत उघडी ठेवून कोणी छताखाली राहत नाही. जो पाहायला जाईल त्याने कमानीच्या आतल्या बाजूला, कोनाड्यांच्या वरच्या कोपऱ्यात, जिथे पाणी सरळ पडत नाही तिथे बघावे. चुन्याचा हात कुठे संपतो ती रेघ, तुळया बसवण्यासाठी ओळीने केलेल्या खाचा, नंतर बुजवलेले दार, दोन प्रकारच्या दगडांचा सांधा: या गोष्टी इमारतीचे चरित्र सांगतात, आणि तोडलेला भाग कोणता व गळून पडलेला कोणता हे त्यांवरूनच ओळखता येते. घणाने फोडलेल्या भिंतीचे तोंड आणि पावसाने सुटलेल्या भिंतीचे तोंड वेगवेगळे दिसते. वेदीवरचा भाग आणि बाजूच्या भिंती सारख्याच झिजल्या असतील तर मूर्तिभंजनाची कथा बाजूला ठेवावी लागते, कारण मूर्तिभंजक वेदी सोडून बाजूच्या भिंतीवर वेळ घालवत नाही.

शेवटी जो आक्षेप किल्लेप्रेमींकडून येतोच तो असा: हे परक्यांचे, ज्यांनी आमची देवळे फोडली त्यांचे बांधकाम, त्याची काळजी आम्ही का करावी? देवळे फोडली हे खरेच आहे, आणि मंडपेश्वरला त्याचा पुरावा दगडात आहे. पण मानाजी आंग्र्यांनी घेतलेला किल्ला म्हणून ज्याचा अभिमान बाळगायचा, त्या किल्ल्यात त्यांनी काय घेतले ते दिसायलाच हवे ना? तट ठेवायचा आणि चर्च पडू द्यायचे म्हणजे विजयाची कहाणी सांगताना हरलेल्याचे नाव गाळायचे. शिवाय या भिंती उभारणारे हात लिस्बनहून आलेले नव्हते. दगड इथला, शिंपला इथला, गवंडी इथला.

करायचे ते फार नाही आणि त्याला नवे छप्पर चढवायची गरज नाही. नवे छप्पर चढवले तर नवीच इमारत होईल. उंबर-पिंपळाची मुळे भिंतीत घुसली असतील तर ती उपटून काढू नयेत, उपटली की दगडांसकट येतात. कापून, मारून जागीच वाळू द्यावीत. भिंतीचा माथा, जिथून पाणी पोटात शिरते, तो चुन्याच्या कामाने बंद करून उतार द्यावा. सिमेंटची गोणी डोंगरावर चढूच नये. आणि उरलेल्या गिलाव्याची इंचाइंचाची मापे आणि छायाचित्रे घेऊन ठेवावीत, कारण पुढच्या पावसाळ्यात तेवढाही असेल याची खात्री नाही. पायथ्याशी तेल, पलीकडे देशातल्या मोठ्या बंदरांपैकी एक, दारात रेल्वे. एवढ्या संपत्तीच्या मध्ये उभ्या असलेल्या या भिंतींना दरवर्षी मृगाआधी लागतात ते चुना विरवू शकणारे चार गवंडी आणि त्यांची महिनाभराची मजुरी.